दहापैकी नऊ

माझ्या हातातून सुटलेला फुगा फुर्रकन खोलीभर फिरला आणि थेट त्याच्या कानावर जाऊन आदळला.

"प्रेशर जास्त झालं होतं," तो कान चोळत म्हणाला. "आणि तोंड नीट धरलं नव्हतं तुम्ही."

माफी मागायला उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं. एक तर मला त्या फुग्याची लाज वाटत होती, त्यात हा गृहस्थ मला फुगा धरायला शिकवत होता.

फुगा कशाला, ते सांगते. हॉस्पिटलच्या ग्रंथालयात टेबलं भिंतीला सरकवून खुर्च्यांचं रिंगण केलं होतं. दारावर कागद चिकटवलेला, 'ताणाशी मैत्री'. सहा बुधवार, दुपारी दोन ते साडेतीन. रिंगणात आम्ही सहा कर्मचारी आणि एक कोच मॅडम. मॅडमचा आवाज इतका मऊ, की ऐकायला पुढे वाकावं लागायचं आणि वाकून वाकून माझी पाठ दुखायची. त्यांनी प्रत्येकाला एक फुगा दिला. आठवड्याचा सगळा ताण त्यात फुंकायचा आणि मग हळू... अगदी हळू... सोडून द्यायचा. माझा ताण हळू सुटणाऱ्यातला नव्हता.

आणि का असावा? सात वर्षं मी लॅबमध्ये रक्त तपासत होते. चौघींपैकी दोघी सोडून गेल्या, त्यांच्या जागा कोणी भरल्या नाहीत, चौघींचं काम आम्ही दोघी ओढत होतो. त्यात एका सकाळी मोठ्या सर्जननी एक सॅम्पल पाठवलं, ट्यूबवर ना नाव, ना नंबर. सोबत निरोप, 'त्या बाईंचं आहे, तपासा.' कुठल्या बाईंचं? मी परत पाठवलं. ते स्वतः तणतणत आले. मी म्हटलं, "नाव नसलेलं रक्त मी तपासत नाही. तुमचं असतं तरी तपासलं नसतं." आता हे मी जरा मोठ्यानं म्हटलं असेन. तीन मजल्यांवर ऐकू गेलं असं नंतर तक्रारीत लिहिलेलं होतं, पण माझ्या मते दोनच.

निकाल काय लागला? माझ्या नावापुढे 'ताण हाताळता येत नाही' असं लिहिलं गेलं. मला लॅबमधून उचलून रेकॉर्ड रूममध्ये फायली लावायला बसवलं. सहा बुधवार झाले की ऑफिस ठरवणार, मला लॅब परत द्यायची की कायमचं फायलींत गाडायचं. बिननावाचं सॅम्पल पाठवणाऱ्याला मात्र कोणी फुगा दिला नाही.

आमच्याकडे माणसाला खात्याच्या नावानं हाक मारायची पद्धत आहे. फोन उचलला की 'लाँड्री बोलतेय', 'टेलिफोन बोलतेय'. मी सात वर्षं 'लॅब' होते. आठवड्याभरात सगळे मला 'रेकॉर्ड' म्हणायला लागले आणि दर वेळी माझ्या काळजात काहीतरी टोचायचं.

"तुम्ही लॅब ना?" फुगा लागलेल्या त्या गृहस्थानं उठताना विचारलं.

"होते," मी म्हटलं.

"मी बॉयलर." आणि मग, जरा थांबून — "मी लॅबच म्हणेन. चालेल?"

मी फुगा पर्समध्ये कोंबला आणि निघाले. पण कान दुखतोय का, हे त्याला विचारायला हवं होतं, असं जिना उतरताना वाटलं खरं.

दुसऱ्या बुधवारी मॅडम म्हणाल्या, "आता प्रत्येकानं आपला जोडीदार निवडायचा."

लाँड्रीनं टेलिफोनचा हात धरला, ॲम्ब्युलन्सनं भांडाराचा. उरलो आम्ही दोघं, रिंगणाच्या दोन टोकांना, शाळेत कोणी आपल्या संघात न घेतलेल्या पोरांसारखे. जोडीदारानं रोज दुपारी चार वाजता दुसऱ्याला विचारायचं, आज ताण दहापैकी किती? आलेला आकडा त्याच्या तक्त्यावर लिहायचा. माझा तक्ता त्याच्याकडे, त्याचा माझ्याकडे. आपला ताण आपल्याला नीट वाचता येत नाही म्हणे, तो दुसऱ्यानं वाचावा.

"हे तक्ते या खोलीबाहेर जाणार नाहीत," मॅडम म्हणाल्या. "त्यामुळे मनापासून खरं सांगा."

तो इथं का, ते त्याच दिवशी कळलं. एका सकाळी बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकत होता म्हणून यानं बॉयलर बंद केला. दोन तास वाफ नाही, अवजारं निर्जंतुक होईनात, ऑपरेशनं खोळंबली. ऑफिसनं बोलावून झाडलं. हा सगळं ऐकून घेऊन एक अक्षर न बोलता परत गेला आणि व्हॉल्व्ह बदलून मगच त्यानं बॉयलर पेटवला. म्हणून याच्या कागदावर लिहिलं, 'संवाद साधत नाही.' म्हणजे ओरडणारीलाही ताण आणि गप्प बसणाऱ्यालाही ताण. ज्यांच्यामुळे ओरडायची किंवा गप्प बसायची वेळ येते, ते तेवढे ठणठणीत.

तर तो रोज चारला येऊ लागला. रेकॉर्ड रूमच्या दारात उभा राहायचा, आत यायचा नाही. अंगाला साबणाचा आणि गरम लोखंडाचा वास. खिशातून एक छोटी वही काढायचा.

"आज किती?"

"नऊ."

"कालही नऊच होते."

"काल दिवस तसा होता. आजही तसाच आहे. तुमचे?"

"दोन."

"रोज दोन कसे हो येतात तुम्हाला?"

"माझ्या वाटणीचे तुम्ही घेता ना." आणि पेन तसंच धरून — "कारण सांगा."

"तक्त्यावर कारणाचा रकाना नाही."

"माझ्या वहीत आहे. बॉयलरचं प्रेशर लिहिताना आम्ही वेळ लिहितो, का वाढलं तेही लिहितो. नुसत्या आकड्यावरून काय कळणार?"

मग मी सांगायची. सांगण्यासारखं रोज काहीतरी असायचंच. फायली लावताना दिसायचं, की एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या फायलीत आहे. एका फायलीत तर दोन वेगळे रक्तगट निघाले आणि माणूस एकच. मी गेल्यावर बिननावाची सॅम्पल बिनबोभाट तपासली जात होती, हाच त्याचा अर्थ. ऑफिसला सांगायला गेले तर म्हणाले, तुम्ही आधी शांत व्हा. शांत? मी तावातावानं बोलत राहायची आणि तो लिहीत राहायचा. मध्येच मान वर करून बघायचा... नको तितका वेळ बघायचा. बोलता बोलता माझं वाक्यच हरवायचं, आणि मग त्याचाही राग यायचा.

"तुम्हाला इथं यायला लांब नाही पडत?" एकदा विचारलं.

"वाटेतच आहे."

टेलिफोननं मागाहून सांगितलं की बॉयलर हाऊस इमारतीच्या मागच्या टोकाला आहे. तिथून कुठंही जायचं असलं तरी रेकॉर्ड रूम वाटेत लागत नाही. त्या दिवसापासून पावणेचार वाजले की माझा हात आपसूक केसांकडे जायला लागला. मी तो दोनदा खाली ओढला. तिसऱ्यांदा नाही ओढला.

रविवारी तो फोन करायचा. बरोब्बर चार वाजता. आई पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत असायची.

"हॅलो... नऊ... बरं," एवढं बोलून मी फोन ठेवायची. कारण आईसमोर काय सांगणार?

दुसऱ्या रविवारी आईनं घडी अर्धवट सोडली. "कोण गं हा? आठवडाभर वाट बघून फोन करतो, तू त्याला 'नऊ' म्हणतेस आणि ठेवून देतेस. तरी पुढच्या रविवारी परत करतो."

"कोर्सचं आहे ते, आई."

"असेल बाई. पण एवढ्यावर समाधान मानणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. तुझ्या बाबांना दोन भाज्या लागायच्या."

चौथ्या बुधवारी मॅडमनी जोडीदारांना समोरासमोर बसवलं. दोन मिनिटं काही न बोलता एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं. लाँड्री आणि टेलिफोन दहाव्या सेकंदाला खुसखुसायला लागल्या. मी ठरवलं होतं की याच्या भुवईकडे बघायचं. भुवईत भाजल्याची एक बारीक खूण होती, तिथं केस उगवले नव्हते. ती बघता बघता मी कधी घसरून डोळ्यांत पोचले ते कळलंच नाही. तिथं काही खोडी नव्हती. नुसतं स्वच्छ, शांत लक्ष होतं, सगळंच्या सगळं माझ्याकडे लागलेलं.

"आत्ता किती?" त्यानं ओठ न हलवता विचारलं.

"बोलायचं नाहीये," मी म्हटलं. माझे कान तापले होते.

आणि मग पाचवा बुधवार. त्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या जोडीदाराचा तक्ता मॅडमना दाखवायचा होता. मॅडमनी एकेक चाळला आणि एक उचलून भिंतीवर लावला.

"हे बघा सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला नऊ. मग आठ... सात... पाच... आणि काल तीन. किती छान उतरत आलीय रेघ. याला म्हणतात स्वतःवर काम करणं."

टाळ्या पडल्या. ॲम्ब्युलन्सनं माझ्या पाठीवर थाप मारली तेव्हा मला कळलं, तो तक्ता माझा होता.

मी त्याच्याकडे बघितलं. तो छताच्या पंख्याकडे बघत होता.

सत्र संपल्यावर मी त्याला कॉरिडॉरमध्ये, पाण्याच्या कूलरपाशी गाठलं.

"मी रोज काय सांगितलं होतं?"

"नऊ."

"काल?"

"कालही नऊ."

"मग ते तीन कोणाचे आहेत?"

त्यानं खालच्या आवाजात सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात तो ऑफिसच्या गरम पाण्याची लाइन दुरुस्त करायला गेला होता. तिथं उपअधीक्षकांच्या टेबलावर कागद होता, 'सहाव्या सत्रानंतर तक्ते मागवून निर्णय घ्यावा.' तक्ते खोलीबाहेर जाणारच होते. नऊ नऊ नऊ बघितल्यावर लॅब परत मिळाली नसती. म्हणून यानं ती रेघ उतरवत आणली.

म्हणजे मनापासून सांगा, मनापासून सांगा म्हणत आमच्याकडूनच आमच्याविरुद्धचा पुरावा लिहून घेत होते. माझ्या डोक्याला मुंग्या आल्या. पण ऑफिस समोर नव्हतं. समोर हा होता.

"बॉयलरच्या वहीत असं लिहिशील तू? प्रेशर नऊ असताना तीन?"

तू म्हटलं मी. ते माझ्या नंतर लक्षात आलं.

"नाही. कधीच नाही."

"मग माझ्या बाबतीत का?"

त्यानं कूलरचा ठिबकणारा नळ घट्ट केला. कूलर गुरगुरत होता.

"बॉयलरवर माझं प्रेम नाही," तो म्हणाला.

आता सांगा, ही काय जागा झाली? ही काय वेळ? मी हातात पाण्याचा ग्लास घेऊन संतापलेली, आणि त्याच क्षणी ते वाक्य परत ऐकावंसं वाटलं, म्हणून आणखीच संताप आला.

"दुसऱ्याच्या रक्तावर माझं नाव चिकटवलंस तू," मी म्हटलं. "ती तीनवाली बाई मी नाहीये. ती लॅबमध्ये परत गेली तर उद्या बिननावाचं सॅम्पल आल्यावर काय करेल? शांतपणे तपासेल."

मी ग्लास ठेवला आणि निघून आले.

तरी दुसऱ्या दिवशी चारला तो दारात हजर. चेहरा उतरलेला, वही उघडी.

"आज किती?"

"दहा. लिहा. दहाच लिहा."

त्यानं लिहिलं आणि वही माझ्याकडे फिरवून दाखवली. दहा.

"तुमचे?" मी तक्त्यात डोकं घालून विचारलं. नियम म्हणजे नियम.

"नऊ."

"आज बरे नऊ झाले."

"पहिल्यापासून तेवढेच आहेत. पावणेचारपासून चारपर्यंत तर रोजच. दोन सांगत होतो, कारण... तुमच्यावर आणखी भार कशाला."

म्हणजे माझाही तक्ता खोटा, याचाही खोटा. मी पेन आपटलं. पण तो गेल्यावर त्याच्या तक्त्यावरचा तो नऊचा आकडा मी उगीचच दोनदा गिरवला.

आठवडाभर असंच चाललं. मी दहा, तो नऊ. मंगळवारी मी म्हटलं, "उद्या खरे आकडे द्यायचे."

"खरे दिले तर लॅब गेली."

"जाऊ दे." हे म्हणणं सोपं नव्हतं, खोटं कशाला बोलू. मला लॅब हवी होती. तिथला खिडकीजवळचा माझा मायक्रोस्कोप, सकाळी स्पिरिटचा वास, सगळं हवं होतं. "आणि खोटं कोणी लिहिलं तेही सांगायचं. तूच सांगायचं."

त्यानं होकाराची मान हलवली.

सहाव्या बुधवारी दार उघडून उपअधीक्षक आत आले. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा, हातात रिकामी फाइल. "चालू द्या, चालू द्या. मी फक्त तक्ते घेऊन जायला आलोय."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. त्यांचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा मला कळलं, यांनाही ठाऊक नव्हतं. आठवडाभर मनातल्या मनात मी यांनाही शिव्या घातल्या होत्या.

"तक्ते या खोलीबाहेर जाणार नाहीत असं मी यांना सांगितलंय," मॅडम म्हणाल्या.

"तसं आपलं कधी बोलणं झालं?" उपअधीक्षक अजून हसतच होते.

मी तोंड उघडणार, एवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. तो उभा राहिला होता.

"लॅबचा तक्ता खोटा आहे," तो म्हणाला. "आकडे मी बदललेत. त्यांना माहीत नव्हतं. खरे आकडे इथं आहेत."

त्यानं वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. तारीख, वेळ, आकडा, कारण. नऊ, दोन रिपोर्टांची फाइल चुकलेली. नऊ, एकाच माणसाचे दोन रक्तगट, ऑफिसला कळवलं, शांत व्हा म्हणाले. नऊ, लॅबमध्ये दोघींच्या जागा अजून रिकाम्या. ज्याच्या कागदावर 'संवाद साधत नाही' लिहिलं होतं, तो माणूस दहा मिनिटं एका सुरात वाचत होता आणि खोलीत कोणी हललं नाही. मी तर मुळीच नाही. माझाच राग होता तो, पण त्याच्या तोंडून ऐकताना पहिल्यांदा कळलं, की त्यात ओरडण्यासारखं किती होतं. कोणीतरी तो रोज, एकही शब्द न गाळता, जपून ठेवला होता. माझे डोळे भरून आले.

"हे सगळं बोलायची ही जागा नाही," उपअधीक्षक म्हणाले. आता हसत नव्हते.

"मग कुठली जागा आहे?"

आवाज इतका मोठा होता, की बोललं कोण हे आम्हाला क्षणभर कळेना. मॅडम उभ्या होत्या. गळ्याची शीर तटतटलेली. "सहा आठवडे मी यांना श्वास घ्यायला शिकवतेय, आणि तुम्ही यांचा गळा सोडत नाही. रक्तगट चुकलाय तिथं. माणूस मेला असता. मी यांना काय शिकवू, ते शांतपणे बघायला? तक्ते मिळणार नाहीत. जा तुम्ही."

हे मात्र तीन मजल्यांवर नक्की ऐकू गेलं.

फाइल रिकामीच परत गेली. पण वहीतलं सहा जणांनी ऐकलं होतं आणि त्यात टेलिफोन होती, म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या हॉस्पिटलनं ऐकलं. त्या दोन रक्तगटांची चौकशी लागली. नाव नसलेलं सॅम्पल तपासायचं नाही, असं सहीशिक्क्यानिशी लॅबच्या भिंतीवर आलं. अकराव्या दिवशी मला लॅब परत मिळाली. कोणी माफी मागितली नाही, ती अपेक्षाही नव्हती. त्याला मात्र खोट्या नोंदीबद्दल मेमो मिळाला. मेमो योग्यच होता. तरी तो दुसऱ्या कोणी द्यावा, हे मला अजिबात आवडलं नाही.

आणि त्या अकरा दिवसांत तो एकदाही आला नाही. चार वाजायचे, सव्वाचार वाजायचे, दार रिकामं. कोर्स संपला म्हणून माणूस संपतो का? अकराव्या दिवशी लॅबमधून निघाले ती सरळ मागच्या टोकाला, बॉयलर हाऊसमध्ये. आत दमट ऊब, आणि वाफेची एकसारखी सूं सूं. तो स्टुलावर बसून प्रेशर लिहीत होता. मला बघून धडपडत उठला.

"लॅब मिळाली," मी म्हटलं.

"कळलं. टेलिफोननं सांगितलं."

"टेलिफोननं सांगितलं. तुला यायला काय झालं होतं?"

"काय म्हणून येणार? विचारायचं संपलं होतं... आणि तुमचा राग..."

"आहे. गेलेला नाही. तुझ्यावर आहे, ऑफिसवर आहे, आज सकाळी ट्यूबा उलट्या लावून ठेवल्या त्या मुलीवर आहे. मी अशीच आहे. जन्मले तेव्हा पहिल्यांदा नर्सवर ओरडले, असं आई सांगते. उद्या संसार थाटला तरी मी रोज..."

मी थांबले. शब्द निघून गेला होता.

"काय थाटला तरी?" त्यानं विचारलं. "वाफेचा आवाज आहे. नीट ऐकू आलं नाही."

"ऐकलंयस तू."

"नाही, खरंच."

"संसार," मी म्हटलं, आणि ते लाँड्रीपर्यंत गेलं असावं. "तरी मी रोज चिडणार. खोटं दिसलं की जास्तच. चालणार असेल तर आत्ता सांग, नंतर शांत हो म्हणायचं नाही."

त्यानं हात पुसले. तेच ते स्वच्छ, सगळंच्या सगळं लक्ष.

"शांत झालेली तू मी एकदा कागदावर काढून बघितली," तो म्हणाला. पहिल्यांदाच तू म्हणाला. "नऊवरून तीनपर्यंत. रोज रेघ खाली यायची आणि रोज मला वाईट वाटायचं. ती कुणी दुसरीच बाई होती. मला नको ती."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. तो गरम होता, आणि त्यानं तो काढून घेतला नाही. मग मी त्याचं स्टूल ओढलं, त्यावर बसले, आणि सकाळपासून लॅबमध्ये काय काय झालं ते पहिल्यापासून, आवाज जराही कमी न करता, त्याला सांगायला लागले.